भाच्याचे स्पीकर, मावशीचे कान

वाचकाचं पत्र:

"मी ५६ वर्षांची आहे. गाणं शिकले नाही, पण ऐकत मोठी झाले. आधी वडिलांच्या रेकॉर्ड, मग कॅसेट, मग सीडी, आणि अलीकडे मोबाइलला जोडलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर. यंदा भाच्याने मोठ्या हौसेने नवे स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि डॅक (डिजिटल फाइलचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी डबी) आणून जोडून दिला. खाली जागा नाही म्हणून स्पीकर कपाटावर, भिंतीला टेकून ठेवलेत. हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या फाइलींच्या स्ट्रीमिंगची वर्गणीही त्यानेच भरली. तो एकच गाणं दोनदा लावतो, एकदा एमपीथ्री, एकदा हाय-रेझ, आणि विचारतो, 'मावशी, फरक कळला ना?' मला कळत नाही, पण मी 'हो' म्हणते. तेव्हापासून ऐकायला बसले की गाण्यात लक्षच लागत नाही, नुसता फरक शोधत राहते. रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात लावलं तर सगळं पोकळ वाटतं. माझे कान गेलेत का? आणखी भारी काही घ्यावं लागेल का? वडिलांच्या रेकॉर्ड आणि कॅसेटी खोक्यांत पडून आहेत, त्यांचं काय करू?"

प्रिय ताई,

तुमचे कान ठीक आहेत. जो फरक तुम्हाला कळला नाही, तो बहुतेकांना कळत नाही, आणि त्यांत तरुण कानांचे, उत्तम उपकरणं बाळगणारे आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातले लोकही आहेत. पत्रातली मला खरी काळजीची वाटलेली गोष्ट वेगळी आहे: इतकी वर्षं गाण्यात रमणारं माणूस आता गाण्याची परीक्षा घेत बसलं आहे. ते थांबवता येईल, आणि त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागणार नाही.

आधी एमपीथ्रीबद्दल बोलते, कारण तिला सरसकट कचरा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. सीडीवरच्या आवाजाला दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट एवढी माहिती लागते. १९८० च्या दशकात जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी कानाच्या एका खोडीवर काम करत होते. एखादा जोरकस आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तो झाकला जातो. मग झाकलेलं साठवायचं कशाला? दर क्षणी काय झाकलं जातंय याचा हिशेब करायचा, तेवढ्या भागावर माहिती कमी खर्च करायची, आणि फाइल लहान करायची, हे एमपीथ्रीचं मर्म. किती वगळायचं, यावर सगळं अवलंबून असतं. ६४ किंवा ९६ किलोबिटच्या फाइलमध्ये कात्री खोलवर लागते. तबल्याच्या चाटीची धार बोथट होते, तंबोऱ्याच्या वरच्या झंकारात एक भोवरा फिरत राहतो, मैफलीतल्या टाळ्या वाहत्या पाण्यासारख्या ऐकू येतात. हा फरक तुम्हालाही चटकन कळेल. पण २५६ किंवा ३२० किलोबिटची नीट बनवलेली फाइल आणि सीडी यांत डोळे मिटून फरक ओळखणारी माणसं फार थोडी, आणि तीही मुद्दाम सराव केलेली, ठरावीक जागा हेरून ऐकणारी.

हाय-रेझची गोष्ट आणखी बारीक आहे. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा, असं ठरलं होतं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, जी सर्वांत उंच कंपनसंख्या टिपायची तिच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त नमुने घेतले की तिथपर्यंतचा आवाज पुरता परत मिळवता येतो. माणसाचा कान भर तारुण्यातही २०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांच्या, फारसा वर जात नाही, म्हणून ४४,१००. आणि १६ बिटांत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. राहत्या खोलीतली शांतताही मुळात काही ३० डेसिबलची असते, त्यामुळे हे अंतर घरात पुरून उरतं. हाय-रेझमध्ये नमुने ९६,००० किंवा १,९२,००० होतात, बिट २४ होतात. म्हणजे वाढीव भाग मुख्यतः अशा उंचीवरचा, जिथे कान पोहोचत नाही, आणि अशा शांततेतला, जी तुमच्या-माझ्या खोलीत नसते.

याच्या चाचण्या झाल्या आहेत. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्येच सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा लोकांनी बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच साधलं असतं. पुढे २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे फरक अगदीच शून्य आहे असं म्हणता येत नाही, सराव केलेल्यांना तो थोडा अधिक सापडतो. पण ज्याच्या शोधात प्रयोगशाळेत बसूनही लोकांचा घाम निघतो, तो रात्री अकरा वाजता आपल्याला सापडला नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका.

वयाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो पत्रात डोकावतो. पन्नाशीनंतर १२-१४ हजार हर्ट्झच्या वरचं बऱ्याच जणांना ऐकू येईनासं होतं, हे खरं. पण पियानोची सर्वांत उंच पट्टीसुद्धा ४१८६ हर्ट्झची असते, आणि गाणाऱ्याचा तार षड्ज तिच्या कितीतरी खाली. वर असतात ते स्वरांचे उपस्वर, आवाजाला थोडी झळाळी देणारे. गाण्याचा जीव तुमच्या कानाच्या पूर्ण आवाक्यात आहे. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं कळत नसेल, कानांत सतत सूं असा आवाज येत असेल, तर मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

आता भाचा ज्या पद्धतीने ऐकवतो त्याविषयी. त्याला फरक ऐकू येतो, आणि तो खोटं बोलत नाही. पण कोणती फाइल लावली हे त्याला आधीच माहीत असतं, आणि माहीत असलेलं ऐकू येतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हे स्पीकरच्या बाबतीत दाखवून दिलं. त्याच माणसांनी तेच स्पीकर पडद्याआडून ऐकले तेव्हा दिलेले गुण, आणि डोळ्यांसमोर ठेवून ऐकले तेव्हा दिलेले गुण, यांत मोठी तफावत पडली. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नव्हते. दुसरं असं, की दोन फाइलींपैकी एक जराशी मोठ्या आवाजाची असेल तर ती 'मोठी' न वाटता 'चांगली' वाटते, अधिक स्पष्ट, अधिक भरीव. एक डेसिबलहून कमी फरकही एवढं करून जातो. शिवाय हाय-रेझ म्हणून मिळणारी प्रत पुष्कळदा वेगळं संस्करण (मास्टरिंग) करून काढलेली असते. ती खरोखरच वेगळी ऐकू येते, पण त्याचं श्रेय संस्करण करणाऱ्या तंत्रज्ञाचं असतं, फाइलच्या आकाराचं नसतं.

तर मग पोकळपणा कुठून आला? इथे मात्र तुमचे कान अचूक तक्रार करत आहेत, आणि मला हाच तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटला.

सर्वांत आधी तारा तपासा. अॅम्प्लिफायरच्या लाल टोकाची तार स्पीकरच्या लाल टोकालाच गेली पाहिजे, काळ्याची काळ्याला. दोनांपैकी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील तर एका स्पीकरचा थरथरणारा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मग खर्ज एकमेकांत विरून जातो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. एकट्या गायकाचं गाणं लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. आवाज समोर, मधोमध, जणू तिथे कोणी बसून गात आहे असा यायला हवा. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा, धूसर वाटला तर एका स्पीकरच्या तारा अदलाबदल करून बघा. बाकी तारांच्या जातकुळीवर एक पैसाही घालवू नका. घरातल्या अंतराला साधी, पुरेशी जाड तांब्याची तार पुरते.

दुसरी गोष्ट कपाटाची, आणि ही करताना थोडी उचलाउचल होईल. स्पीकरमधला वरचा छोटा पडदा, ट्वीटर, आपल्या कानांच्या उंचीला असावा लागतो. तो डोक्याच्या वरून जात असेल तर शब्दांची स्पष्टता आणि किनारीचा टणत्कार दोन्ही कमी पोहोचतात. भिंतीला टेकवलेल्या स्पीकरचा खर्ज भिंतीमुळे फुगतो, कोपऱ्यात तर आणखी, आणि मागच्या बाजूला भोक असलेल्या स्पीकरला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. शिवाय प्रत्येक खोलीचा आपला असा एक खर्ज असतो. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये अडकून राहते. भिंतीजवळ ती घुमते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीशी होते. म्हणूनच तेच गाणं सोफ्यावर भरगच्च आणि खुर्चीवर रिकामं वाटू शकतं. हे स्वतः अनुभवून बघा: डग्ग्याचा किंवा बासचा भरपूर आवाज असलेलं काहीतरी लावा आणि खोलीत सावकाश चाला. खर्ज वाढताना आणि ओसरताना स्पष्ट ऐकू येईल. दोन फाइलींमधल्या फरकाच्या कितीतरी पट हा फरक असतो, आणि तो कळायला तुम्हाला कोणी विचारावं लागणार नाही.

तेव्हा स्पीकर कपाटावरून खाली घ्या. दोन जड, न डगमगणारी स्टुलं पुरतील. भिंतीपासून निदान हातभर पुढे आणा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आपण बसायचं आणि दोन्हींची तोंडं जराशी आपल्याकडे वळवायची. जागा अडत असेल तर ऐकण्यापुरते पुढे ओढा आणि नंतर मागे सारा. खोलीत टाळी वाजवून पाहा. मागून झणझण असा आवाज आला तर भिंती फार उघड्या आहेत. पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेली मांडणी यांनी तो बराच शमतो. पुस्तकं नुसती रचून ठेवलेली असली तरी चालतात.

तिसरी गोष्ट रात्रीची. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येणं हा कानाचा स्वभावच आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली तो मोजून त्याचे आलेख काढले. आवाज जसजसा कमी होतो तसतसे खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा झपाट्याने मागे पडतात. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याच कारणासाठी. तुमच्या नव्या यंत्रावर ते असेल तर रात्री बिनदिक्कत दाबा, नसेल तर बासचं बटण थोडं वर करा. भाचा म्हणेल की आवाजात ढवळाढवळ करायची नसते. त्याला सांगा, ढवळाढवळ कानाने आधीच केलेली आहे, आपण ती भरून काढतोय. हेडफोन लावलेत तर त्यांत खोलीचा प्रश्नच उरत नाही आणि बारीक जागा फार सुंदर ऐकू येतात. फक्त आवाजावर लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला मात्र फक्त ४. ब्लूटूथची लाज बाळगण्याचं कारण नाही. हल्लीच्या बऱ्या हेडफोनमध्ये त्याचा दर्जा रोजच्या ऐकण्याला पुरेसा असतो.

'आणखी भारी काही' घेण्याविषयी माझं मत ठाम आहे: सध्या काही घेऊ नका. आवाजावर सर्वांत जास्त परिणाम मूळ ध्वनिमुद्रणाचा होतो, मग स्पीकरचा आणि खोलीचा, त्याच्या बरंच मागे अॅम्प्लिफायर, आणि डॅक व फाइलचा प्रकार अगदी शेवटी. ध्वनिमुद्रणाला मी पहिला मान देते, कारण तिथे बिघडलेलं पुढचं कोणतंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. जुन्या गाण्यांच्या 'स्वच्छ केलेल्या' काही आवृत्त्या ऐका. खरखर काढण्याच्या नादात गायकाचा श्वास आणि आवाजाची धारही पुसून टाकलेली असते. मला खरखरीसकट असलेली प्रत अधिक जिवंत वाटते. उलट १९९० नंतरच्या पुष्कळ लोकप्रिय संगीतात हळू आणि मोठा हा भेदच दाबून सगळं सारख्या जोरात आणलेलं असतं. अशी फाइल हाय-रेझमध्ये घेतली तरी कान थकायचे ते थकतातच. म्हणून एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या उपलब्ध असतील तर ज्या आवृत्तीत बंदिश शांत सुरू होऊन खरोखर वर चढते ती निवडा, तिच्यावर कोणताही शिक्का असो. हाय-रेझची वर्गणी भाच्याने भरलीच आहे तर वापरा. संपल्यावर साधी वर्गणी घेतलीत तर तुमचं काही हरवणार नाही.

आता आनंदाविषयी. तुमच्या पत्रातला क्रम, रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, मोबाइल, मी पुन्हा वाचला. प्रत्येक साधनाने नुसता आवाज बदलला नाही, आपली बैठकही बदलली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात राग उभा करून, बंदिश सांगून, तानांसह समेवर येणं भाग होतं, आणि तो आटोपशीरपणा ही त्या गायकांची एक वेगळीच कला झाली. १९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर जागा मिळाली. आलापाला रेकॉर्डवर पाय पसरता आले, ऐकणाराही वीस मिनिटं बसू लागला. मग १९६३ ची कॅसेट. तिच्यात पुढचं गाणं गाठायचं तर फीत पळवावी लागायची आणि नेमकी जागा सापडायचीच नाही, म्हणून आपण नावडतं गाणंही ऐकत राहायचो. अशी किती गाणी तिसऱ्या-चौथ्या वेळेला आवडू लागली असतील! कॅसेटचा आवाज या सगळ्यांत बहुधा सर्वांत कमकुवत होता, आणि तरी तिच्यावर ऐकलेलं आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. स्ट्रीमिंगने सगळं हाताशी आणलं, ही मोठीच गोष्ट आहे, पण त्याच्यात बाजू संपत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात मन रमलं नाही की बोट पुढे सरकतं.

म्हणून एक करून बघा. बाजू आपणच ठरवायची. दुपारीच वीस-पंचवीस मिनिटांचं काहीतरी निवडून ठेवा, रात्री ते सुरू करा आणि मोबाइल हातापासून दूर ठेवा. पहिले काही दिवस अशी गाणी घ्या जी भाच्याने परीक्षेसाठी कधीच वाजवलेली नाहीत. त्या परीक्षेतल्या गाण्यांना सध्या विश्रांती द्या. ती ऐकताना मन लगेच फरक शोधायला लागेल. आणि घरातला तो छोटा ब्लूटूथ स्पीकर काढून टाकू नका. कामं करताना गाणं सोबतीला हवं असतं, त्याला तो उत्तम आहे.

भाच्याला खरं सांगा. त्याने मावशीसाठी एवढं केलं ते प्रेमापोटीच, आणि 'हो' म्हणत राहिलात तर तो बिचारा आणखी खर्च करत जाईल. 'मला फरक कळत नाही, पण हे स्पीकर मला आवडलेत, ते नीट लावायला मला मदत कर,' एवढं पुरेल. त्याला उत्सुकता असेल तर तुम्ही दोघं मिळून चाचणी घ्या. एकच मूळ फाइल घेऊन तिचीच एमपीथ्री बनवायची, दोन्हींचा आवाज सारखा करायचा, तिसऱ्याने लपवून लावायचं आणि उत्तरं कागदावर लिहायची, निदान दहा-बारा वेळा. निकाल काहीही लागो, त्याला चिडवू नका. या वयात अशा वेडाने ऐकणारी मुलं फार नसतात.

राहिली खोकी. आधी कॅसेटी हातात घ्या, रेकॉर्ड थांबू शकतात. चुंबकीय फीत काळानुसार क्षीण होते, आतला छोटा दाबपट्टा निखळतो, आणि चांगले कॅसेट प्लेअर दुर्मिळ होत चालले आहेत. वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. रेकॉर्ड आडव्या थप्पीत असतील तर आजच उभ्या करा. वजनाने त्या वाकतात. जुन्या प्लेअरची सुई बदलल्याशिवाय एकही रेकॉर्ड लावू नका. हिऱ्याची सुईही साधारण ५०० ते १००० तासांत झिजते आणि झिजलेली सुई खाचा कायमच्या खरवडते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांना वेगळी, रुंद सुई लागते. एलपीची सुई त्यांच्या खाचेच्या तळाला घासते आणि खरखर वाढवते. आणि त्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव लावू नका, लाख त्यात विरघळते. एलपीसाठी अॅम्प्लिफायरला 'फोनो' असं लिहिलेली जागा आहे का पाहा. नसेल तर मध्ये छोटा फोनो प्रीअँप लागतो, कारण रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वाजवताना तो परत वाढवावा लागतो.

आणि इथे भाच्याच्या २४ बिटांना खरंच काम आहे. कॅसेट किंवा रेकॉर्ड संगणकात उतरवताना आवाज किती मोठा येईल याचा आधी अंदाज नसतो. २४ बिट ठेवले तर पातळी खाली ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येतं आणि नंतर वाढवता येतं. मूळ प्रत फ्लॅक या फाइलप्रकारात ठेवायला सांगा. त्यात फाइल बरीच लहान होते, पण एक बिटही हरवत नाही, आणि मोबाइलसाठी हवी तेव्हा तिच्यापासून एमपीथ्री काढता येते. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री कधीच करू नये, दर वेळी थोडं गळतं. खरखर काढलेली प्रत हवी तर वेगळी करा, मूळ प्रतीला हात लावू नका. प्रत्येक फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. रेकॉर्डच्या वेष्टनाची मागची बाजू आणि कॅसेटच्या कागदावरचं वडिलांचं हस्ताक्षर यांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. साथीला तबल्यावर कोण होतं, पेटीवर कोण होतं, हे पुष्कळदा फक्त तिथेच लिहिलेलं असतं.